फाटकाबाहेरचं बंदर : वाढवणचा पैसा खर्च करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बंदरे विभाग, महाराष्ट्र शासन,
महाराष्ट्र सागरी मंडळ,
आणि वाढवण बंदराच्या कागदांवर ज्यांची ज्यांची सही लागते ते सर्व.

सप्रेम नमस्कार.

मी चौतीस वर्षं डॉक क्लार्क होतो. हे पद तुमच्या कुठल्या तक्त्यात सापडायचं नाही. क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात एक साहेब असतो, एक कॉम्प्युटरवर बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टमचा कागद) भरणारा असतो, आणि एक कागदांची पिशवी काखोटीला मारून शेडमध्ये, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर डेपोत) आणि गेटवर उभा राहणारा असतो. तो तिसरा मी. १९८८ मध्ये इंदिरा गोदीत उभा राहायला लागलो आणि २०२२ मध्ये न्हावा शेव्याला उभं राहणं थांबवलं. बंदर मी कधी समुद्राच्या बाजूने पाहिलंच नाही, कायम फाटकाच्या बाजूनेच पाहिलं. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराबद्दलचं हे पत्र त्या बाजूचं आहे.

आमचे वडील गोदीत गँगमध्ये होते. गोणी उचलायचा त्यांचा लोखंडी आकडा वडाळ्याच्या आमच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि तो खेळायला घेतला की पाठीत धपाटा ठरलेला. घरात जहाजांची नावं पाहुण्यांसारखी घेतली जायची. अमुक आलंय, तमुक अजून पंधरा दिवस हलत नाही. पंधरा दिवस ही अतिशयोक्ती नव्हे. खत नाहीतर गव्हाची गोणी माणसाने आकड्याने ओढायची, दोरीच्या जाळीत रचायची, विंचवाल्याने वर घ्यायची, शेडमध्ये टॅली क्लार्कने मोजायची. जहाज जितके दिवस उभं, तितके दिवस आमच्या घरात ओव्हरटाइम. लहानपणी मला वाटायचं, बंदर चांगलं चाललंय म्हणजे जहाज बरेच दिवस थांबलंय. अर्थशास्त्र बरोबर उलटं आहे हे पुढे नोकरीत कळलं. वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यांचंही चुकत नव्हतं.

हे आधी सांगतोय कारण बंदराची किंमत मोजताना प्रत्येकाचा काटा वेगळा असतो. तुमचा काटा टनांचा आणि कंटेनरांचा. देशाचा परदेश व्यापार वजनाने मोजला तर सुमारे ९५ टक्के समुद्रावरून होतो आणि रुपयांत मोजला तर ७० टक्क्यांच्या आसपास, हे प्रत्येक भाषणात येतं. न्हावा शेव्याने २०२४-२५ या वर्षात ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले, हेही येतं. (वीस फुटी मापाने. चाळीस फुटी डबा दोन धरतात. ऐकणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.) आकडे खरेच आहेत. पण धक्क्यावर डबा चढवण्या-उतरवण्याचं भाडं ही बंदराची खरी कमाई नव्हेच. खरी कमाई कुठल्याच बंदराच्या ताळेबंदात दिसत नाही. डबा एक दिवस लवकर सुटला की भिवंडीच्या व्यापाऱ्याचं एका दिवसाचं व्याज वाचतं, चाकणच्या कारखान्याला सुटे भाग कमी साठवून चालतं, नाशिकच्या बागायतदाराची द्राक्षं एक दिवस ताजी पोचतात. आणि डबा अडकला की डेमरेज (बंदरात डबा पडून राहिल्याचा दंड) आणि डिटेन्शन (डबा वेळेत परत न केल्याचा दंड) सुरू होतं. त्यातलं डिटेन्शन बहुतेक वेळा परदेशी शिपिंग लाइनच्या खात्यात जातं. बंदर सुस्त असलं की नुकसान आपल्या माणसाचं आणि फायदा भलत्याचाच, हा हिशेब मी चौतीस वर्षं पावत्यांवर पाहिला.

मुंबईला हे नवीन नाही. १८६१ ते ६५ मधल्या अमेरिकेतल्या यादवीने इथला कापूस सोन्याच्या भावाने गेला, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोप जवळ आला. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मग १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. अलेक्झांड्रा खोदताना निघालेल्या मातीने भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. पण मला त्या काळातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट विचाराल तर मी गोदी नाही सांगणार, पोर्ट ट्रस्टची रेल्वे सांगेन. नवीन गोदी १९१४ ला उघडली आणि १९१५ ला बंदराची स्वतःची रेल्वे वडाळ्यापर्यंत चालू झाली. धक्का आणि रूळ एका वर्षाच्या अंतराने. त्या साहेबांच्या बाकी कारभाराचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, पण माल उतरवला की तो जायचा कुठून, हे त्यांनी धक्का बांधतानाच ठरवलं होतं.

आता आपलं बघा. न्हावा शेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं. मुंबईच्या जुन्या गोद्यांना खोली नाही, बाहेर पडायला रस्ता नाही, म्हणून खाडीपलीकडे गेलो. निर्णय बरोबरच होता. पण तिथून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंतच्या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम मालवाहतूक रेल्वेमार्गाचा कुठला तुकडा सगळ्यात जास्त रेंगाळला? वैतरणा ते जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेवाच. ज्या बंदरासाठी रूळ टाकायचे, तोच तुकडा मागे. तोवर डबे ट्रेलरवर, ट्रेलर रस्त्यावर आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून.

एक प्रसंग सांगतो. चूक माझीच होती, तेव्हा दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं कारण नाही.

२०१६ चा फेब्रुवारी. द्राक्षांचा हंगाम. निफाडकडच्या एका बागायतदाराचा चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड डबा, युरोपला निघालेला. पॅकहाऊसमधून डब्याच्या सीलचा नंबर मला फोनवर सांगितला, मी पाकिटाच्या मागे लिहून घेतला. इंग्रजी एक मी असा फर्राटा मारून लिहितो की त्याचा सात होतो. फॉर्म तेरावर, म्हणजे डबा गेटातून आत न्यायच्या कागदावर, सात गेला. रात्री अकराला ट्रेलर गेटवर पोचला, तिथल्या पोराने सीलवर बॅटरी मारली, कागद पाहिला आणि हात हलवला. नंबर जुळत नाही, गाडी मागे घ्या.

दुरुस्तीला ऑफिसात दहा मिनिटं लागली. शपथेवर सांगतो, दहाच. पण गाडी मागे घ्यायची कुठे? पुढे ट्रेलर, मागे करळ फाट्याच्या दिशेने ट्रेलरांची रांग, बाजूला गटार. वळायला जागा नाही, थांबायला जागा नाही. रांगेतून बाहेर काढून, लांबून वळवून, पुन्हा रांगेच्या शेपटाला लावायची तर पहाट झाली. तोवर ट्रेलरच्या जेनसेटचं डिझेल संपत आलेलं. जेनसेट बंद पडला की डब्याचं तापमान चढणार आणि शून्याच्या आसपास ठेवलेली द्राक्षं गळायला लागणार. मी एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर दोन कॅन घेऊन पंपावर गेलो. ड्रायव्हर संगमनेरचा होता, पन्नाशीचा. संध्याकाळपासून केबिनमध्ये. पाणी पीत नव्हता. का, असं विचारल्यावर म्हणाला, "प्यालो तर जायचं कुठं?" त्या अख्ख्या पट्ट्यात त्याला जायला जागा नव्हती.

सकाळी कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी डबा आत घ्यायची शेवटची वेळ, उलटून गेला. जहाज आमच्याशिवाय सुटलं. पुढचं आठवड्याने. तिकडच्या बाजारात आठवड्यात भाव उतरला. बागायतदाराचा फोन आला तेव्हा मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "साहेब, इथून पुढं सीलचा फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकत जाऊ." मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

पुढे न्हावा शेव्याला मोठा पार्किंग प्लाझा झाला, ई-सील आलं, कागद स्क्रीनवर गेले. परिस्थिती सुधारली, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि मान्य करतो. पण तो प्लाझा बंदर सुरू झाल्यावर तीसेक वर्षांनी आला. क्रेन पहिल्या दिवसापासून होती. ड्रायव्हरला मुतारी मिळायला तीस वर्षं.

म्हणून वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. ७६,२२० कोटी रुपये. न्हावा शेवा चालवणाऱ्या जेएनपीएचा वाटा ७४ टक्के आणि आपल्या सागरी मंडळाचा २६, म्हणजे त्यात माझेही चार आणे आहेत असं समजून हे पत्र लिहितो आहे. ऑगस्टमध्ये पालघरला पायाभरणी झाली. प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनलं, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, पूर्ण झाल्यावर वर्षाला दोन कोटी बत्तीस लाख डब्यांची क्षमता. म्हणजे आजच्या न्हावा शेव्याच्या तिप्पट.

मी विरोधात नाही. डहाणूकडचे माझे ओळखीचे लोक हे वाचून बोलणं टाकतील, पण खरं ते खरं. वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे २० मीटर खोली आहे, आणि ही खोली पैशाने विकत मिळत नाही. गाळ उपसून खोली मिळते, पण मग तो दर वर्षी उपसत बसावा लागतो. वीस-चोवीस हजार डबे घेऊन फिरणारी जहाजं उथळ पाण्यात येतच नाहीत. भारताचा जो माल वाटेत जहाज बदलून जातो, त्यातला पाऊण हिस्सा कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लांग असा परदेशी बंदरांत जहाज बदलतो. म्हणजे छोट्या जहाजाने तिथे न्या, उतरवा, थांबवा, मोठ्यावर चढवा. प्रत्येक चढ-उताराचं भाडं आपण भरतो आणि रोजगार त्यांचा वाढतो. केरळात विझिंजम बंदराने ही गळती थोडी बुजवायला सुरुवात केली आहे. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही खोल पाण्याचं बंदर हवंच आहे.

पण समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालणाऱ्यांनी मनोरच्या रस्त्यावर एक शुक्रवारची संध्याकाळ काढावी. घोडबंदर ते मनोर या पट्ट्यात आजच काय होतं ते वसई-विरारच्या कुठल्याही माणसाला विचारा. बंदरापासून मुख्य महामार्गांपर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा आठपदरी रस्ता आहे, कागदावर तो छान दिसतो. प्रश्न त्याच्या पुढचा. आठ पदरांवरून आलेले ट्रेलर मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर ओतणार आणि तिथे ते दुधाच्या टँकरशी, शाळेच्या बसशी, रुग्णवाहिकेशी जागेसाठी भांडणार. माझी मागणी सोपी आहे. जितके डबे रेल्वेने निघू शकतील तितक्याच डब्यांचं पहिलं टर्मिनल उघडा. बाकीची टर्मिनलं रूळ वाढतील तशी. धक्का तयार आहे म्हणून जहाज बोलवायचं आणि मग रस्त्याचं बघू म्हणायचं, हा न्हावा शेव्याचा धडा आपण पूर्ण फी भरून शिकलो आहोत.

आणि एक आकडा दर महिन्याला जाहीर करा, मराठीतून, कोणालाही बघता येईल असा : ट्रेलर रांगेत लागल्यापासून रिकामा होऊन बाहेर पडेपर्यंत किती तास. सरासरी नको. सरासरीत माझी द्राक्षं दिसणार नाहीत. महिन्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा द्या. क्रेन तासाला किती डबे उचलते हे तुम्ही अभिमानाने सांगता. उचलतेच, पण तिच्या खाली ट्रेलर पोचेल तेव्हा.

सरकारी हुकमांच्या कागदाचंही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क एका रात्रीत लागलं. बंदरात पोचलेले, वाटेत असलेले डबे जागच्या जागी थिजले. त्या डिसेंबरात तर निर्यातच बंद. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा स्वस्त मिळावा हे मलाही पटतं, मी मुंबईकर आहे, कांदा किलोने विकत घेतो. पण सील लागलेल्या डब्याला तरी जाऊ द्यायची रीत असायला हवी. २० मीटर खोलीचं बंदर बांधूनही बाहेरच्या खरेदीदाराला आपला भरवसा नसेल तर ते पाणी नुसतं खोलच राहील. हे तुमच्या खात्याचं काम नाही म्हणाल. पण दिल्लीत बैठकीला तुम्ही जाता, मी नाही.

आता जड विषय. बंदर ज्यांच्या दारात येतं त्यांचा.

१९८४ च्या जानेवारीत न्हावा शेव्यासाठीच्या जमिनींवरून उरणला आंदोलन पेटलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारीला त्या भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे तत्त्व निघालं. तत्त्व निघालं, भूखंड हातात पडायला कित्येकांची हयात गेली. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने केला. त्याच परिसरातला हनुमान कोळीवाडा मात्र तुमच्यातल्या किती जणांनी पाहिला असेल? बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि लोकांना तिथे वसवलं. त्या जागेत वाळवी. दाराच्या चौकटी, कपाटं, छपराचे वासे पोखरून गेले. लोकांनी अर्ज केले, मोर्चे काढले, शेवटी होड्या घेऊन जहाजांचा मार्ग अडवला. मी त्या गावात चहा प्यायला आहे. चौकटीवर बोट दाबलं तर आत गेलं.

वाढवणच्या कोळ्याला तुम्ही रोजगाराचे आकडे सांगता तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती चौकट असते. तो अडाणी म्हणून नाही म्हणत नाही, त्याने चौकशी केली आहे म्हणून नाही म्हणतो. याच बंदराला १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मधल्या काळात खडक बदलले की मासे, हे त्याला कोणी मराठीत नीट समजावून सांगितलेलं नाही. त्या खडकाळ उथळ भागात मासळी अंडी घालते, असं त्याचे वाडवडील सांगत आले. वाढवण गावात घराघरात डायमेकिंगचे, म्हणजे साचे बनवायचे, छोटे कारखाने आहेत. पलीकडे घोलवडचा चिकू. ही सगळी चालती पोटं आहेत, रिकामी जमीन नव्हे.

बारा लाख रोजगार निर्माण होतील, असं सांगितलं जातं. मी या धंद्यातला आहे म्हणून विचारतो : कुठले? वडिलांच्या गँगच्या जागी एक क्रेन आली, आणि आता क्रेनवरचा माणूसही खाली येऊन खोलीत, स्क्रीनसमोर बसतो. नव्या टर्मिनलच्या धक्क्यावर माणूस शोधावा लागेल. नोकऱ्या होतील त्या फाटकाबाहेर : गोदामं, शीतगृहं, ट्रेलरची दुरुस्ती, रीफरचे टेक्निशियन, कागदपत्रं, सर्व्हेअर. त्या होतील, हे नक्की. पण तशा कामांचं शिक्षण डहाणू-पालघरच्या आयटीआयमध्ये आज लागलं तर बंदर उघडताना पोरं तयार होतील. नाही लागलं तर बाहेरून येतील आणि स्थानिकांना गेटवर सिक्युरिटीची शिट्टी मिळेल. गोदी कामगाराला रोज सकाळी रांगेत उभं करून निवडायची पद्धत मोडायला १९४८ चा कायदा लागला, माथाडींना १९६९ चा. दोन्ही लढून मिळाले. या वेळी लढाईच्या आधी द्या, एवढंच म्हणणं. बारा लाखांची फोड जाहीर करा : कुठलं काम, किती पगाराचं, कायम की कंत्राटी.

माझ्या मुंबईबद्दल थोडक्यात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या भरून टाकल्या. १४ एप्रिल १९४४ ला दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला ती ही व्हिक्टोरिया. तिच्या जागी आता सपाट आवार. पूर्व किनाऱ्याच्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा आहे, क्रूझ टर्मिनल झालं, उद्याने होतील, टॉवरही होतील. होऊ द्या. पण भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंत किनारी मालवाहतुकीसाठी दोन-चार चालते धक्के राखून ठेवा. रत्नागिरी, दिघी, जयगडकडचा माल लहान जहाजाने शहराच्या पोटात येऊ शकला तर महामार्गावरचे तेवढे ट्रक कमी होतील. जमिनीचा टॉवर कधीही होतो. टॉवरची गोदी झालेली मी अजून पाहिलेली नाही.

एक विनंती. वाढवणच्या कुठल्याही फायलीवर सही करण्याआधी, द्राक्षांच्या हंगामात, रात्री अकरानंतर, न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका रीफरच्या केबिनमध्ये बसून करळ फाट्यापासून गेटपर्यंत या. लाल दिव्याची गाडी पुढे नको. ट्रेलर मी ठरवून देतो, ड्रायव्हर ओळखीचे आहेत. येताना पाणी बेताने प्या.

उत्तर मराठीत आलं तर बरं. इंग्रजीत आलं तरी चालेल, बिल ऑफ लेडिंगच्या (जहाजाने दिलेल्या मालाच्या पावतीच्या) मागचा बारीक मजकूर वाचून डोळे तयार झालेले आहेत.

आपला,
एक निवृत्त डॉक क्लार्क
वडाळा, मुंबई